आईबापाचा अर्ज: प्रांत कचेरीत काय न्यायचं, काय मागायचं

दर गुरुवारी सकाळी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत मी अर्ज लिहून देतो. नोकरी महसूल खात्यात झाली, त्यामुळे कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे हाडात भिनलंय. येणारं माणूस आधी अर्धा तास रडतं आणि मग पिशवीतून कागद काढतं. तो अर्धा तास ऐकून घ्यावाच लागतो. तेवढ्यासाठीही कित्येकदा घरात कोणी नसतं. मग मी सांगतो, तुमचं सगळं खरं आहे, पण साहेबांच्या टेबलावर तारीख आणि आकडा चालतो. तेवढं घेऊन बसू.

हा अर्ज ज्या कायद्याखाली होतो त्याचं नाव आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू आहे. ही तारीख पाठ करून ठेवा, पुढे मिळकतीच्या बाबतीत ती कामाला येते. तो चालवायला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांतसाहेब, हेच न्यायाधिकरण म्हणून बसतात.

आधी ठरवा, हवंय काय

बहुतेक अर्ज इथेच फसतात. पैसेही हवेत, घरही परत हवं, सुनेला समजही द्यायला हवी आणि मुलगा सुधारायलाही हवा, असं सगळं एकाच कागदावर येतं. साहेबांना त्यातलं काय देता येतं?

दरमहा खर्चाची रक्कम देता येते. कायद्यात ‘चरितार्थ’ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये. ही मर्यादा काढून टाकणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं, पण मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. सुनेला आणि जावयाला जबाबदार धरायची तरतूदही त्याच विधेयकात होती. तीही त्याच्याबरोबर गेली.

त्यामुळे मुलगा चांगला कमावता असेल आणि डायलिसिससारखा खर्च मागे लागला असेल, तर दुसरा रस्ता तपासा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं, 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं. तिथे रकमेला अशी मर्यादा नाही, पण कोर्ट आलं, वकील आला, वेळही आला. दोन्हीकडे एकदम अर्ज चालत नाही, एकच निवडावा लागतो. ज्यांचं भागणं पाच-सात हजारांत आहे, त्यांना मी बिनदिक्कत प्रांत कचेरीत पाठवतो.

दुसरी मागणी दिलेली मिळकत परत मिळण्याची. ती कलम 23 मध्ये येते आणि तिच्यावर पुढे सविस्तर लिहितो. तिसरी, त्रास देणाऱ्याला घराबाहेर काढण्याची. कायद्यात हे थेट शब्दांत लिहिलेलं नाही, पण ज्येष्ठाच्या संरक्षणासाठी गरज असेल तर न्यायाधिकरणाला तसा हुकूम देता येतो, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2020 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. मार्च 2025 मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात त्याच कोर्टाने मुलाला बाहेर काढायला नकारही दिला. म्हणजे मागा, पण का गरज आहे ते दाखवा. नुसतं ‘घर माझ्या नावावर आहे’ एवढ्यावर विसंबू नका.

सून त्याच घरात राहत असेल तर जास्त जपून. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे आणि ज्येष्ठांच्या कायद्याची काठी वापरून तो उडवता येत नाही, हेच 2020 च्या निकालात मुख्यतः ठरलं. मुलगाच आईवडिलांना पुढे करून बायकोला घराबाहेर काढायला बघतोय, असे अर्ज माझ्याकडेही आलेत. मी ते लिहीत नाही.

चौथं, कोणी म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी नेऊन सोडलं असेल, तर तो गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यासाठी प्रांत कचेरी नव्हे, पोलीस ठाणं.

कोणी करायचा, कोणाविरुद्ध

साठ पूर्ण झालेलं कोणीही. आई किंवा वडील असतील तर साठीचीही अट नाही. पंचावन्न वर्षांची विधवा आई अर्ज करू शकते, आणि सावत्र किंवा दत्तक घेणारे आईवडीलही. अट एकच: स्वतःच्या कमाईवर किंवा मिळकतीवर भागत नसलं पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या वतीने त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज देऊ शकते.

समोर कोण? मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, सज्ञान नात. मूलबाळ नसेल तर ज्याच्या ताब्यात तुमची मिळकत आहे किंवा तुमच्यामागे ज्याला ती मिळणार आहे असा सज्ञान वारस. पुतण्या शेत कसतोय आणि काकूला विचारत नाही, हे प्रकरण इथे बसतं.

‘मुलीचं नाव नको हो, ती परक्या घरची’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. कायदा तिला परकी मानत नाही. लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, हे सुप्रीम कोर्टाने कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात 1987 मध्येच ठरवलं होतं. शिवाय एका मुलाचंच नाव घातलंत, तर तो उठून बाकीच्या भावंडांना सामील करा म्हणू शकतो आणि त्यात तारखा जातात. तेव्हा सगळ्यांची नावं आधीच घाला. जी मुलगी आत्ताही डबा पाठवते, तिच्याबद्दल तसं स्पष्ट लिहा.

अर्ज तुम्ही राहता तिथे, शेवटी जिथे राहत होता तिथे किंवा मुलं राहतात तिथे, यांपैकी कुठल्याही जिल्ह्यात देता येतो. मुलगा बंगळुरूला किंवा थेट अमेरिकेत असला तरी पुण्याच्या आईने पुण्यातच अर्ज द्यावा. समन्स तिकडे पोचवण्याची सोय कायद्यात आहे. वेळ लागतो, पण तिने तिकडे जायची गरज नाही.

कागद

वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, आणि मुलगा तुमचाच आहे हे दाखवणारं काहीतरी: रेशनकार्ड, शाळेचा दाखला, काहीही. मिळकत असेल तर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बक्षीसपत्राची प्रत आणि इंडेक्स टू. बँक पासबुक भरून आणा. श्रावणबाळ योजनेचे 1,500 रुपये येत असतील तर तेही दिसू द्या. लपवलेली पन्नास रुपयांची आवकसुद्धा समोरच्याच्या हातात कोलीत देते.

यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे खर्चाची वही. तीन महिन्यांची पुरे. दूध, किराणा, वीज, गॅस, औषधं. औषधवाल्याकडून कच्ची चिठ्ठी न घेता छापील बिल मागा आणि बिल वहीतच डकवा. आमच्या संघातल्या एका आजींनी खर्च भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला होता, दुधाचे खाडे मांडतात तसा चौकटीचौकटीत. मी ते कॅलेंडरच जोडलं. सुनावणीत मुलगा म्हणाला, ‘आईला कशाला लागतात सहा हजार?’ साहेबांनी कॅलेंडरची पानं उलटली आणि इन्सुलिनचा आकडा त्याला मोठ्याने वाचायला लावला.

मुलांच्या उत्पन्नाचा पुरावा तुमच्याकडे असेलच असं नाही. मिळेल तेवढं लिहा: नोकरी कुठे, हुद्दा काय, शेत किती, भाडं कुठलं येतं. पगाराचा दाखला मागवायचे अधिकार न्यायाधिकरणाला आहेत. अर्जात ‘तो मागवावा’ एवढं वाक्य टाका.

अर्ज लिहिताना

छापील नमुना कचेरीत मिळतो, त्याला जोडून साधा कागद लावायचा. माझा ठरलेला साचा असा: पहिल्या परिच्छेदात मी कोण, वय, कोणाबरोबर राहतो. दुसऱ्यात मुलं कोण, कुठे, काय करतात. तिसऱ्यात कधीपासून काय बंद झालं. चौथ्यात महिन्याचा खर्च आणि आवक. शेवटी मागणी.

तिसरा परिच्छेद कसा लिहायचा ते दाखवतो. लोक लिहून आणतात, ‘मुलाने मला वाऱ्यावर सोडले असून माझे अतोनात हाल केले आहेत.’ मी ते खोडतो आणि लिहितो, ‘ऑगस्टच्या 12 तारखेपासून मुलाने किराणा देणे बंद केले. सप्टेंबरच्या 3 तारखेला स्वयंपाकघराला कुलूप लावले. तेव्हापासून मी शेजाऱ्यांकडे जेवतो.’ दुसऱ्या मजकुरावर समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. पहिल्यावर तो नुसता मान हलवतो.

मागणी आकड्यात करा. ‘योग्य ती रक्कम’ असं लिहिलंत तर योग्य काय ते दुसराच कोणीतरी ठरवेल. आणि एक ओळ विसरू नका: ‘अर्जाचा निकाल लागेपर्यंत अंतरिम रक्कम दरमहा मिळावी.’ ही सोय कायद्यात आहे, पण न मागता क्वचितच मिळते.

मुलांचे पत्ते पूर्ण लिहा: घरचा, कामाच्या ठिकाणचा, मोबाइल. हे कारकुनी वाटेल, पण सगळ्या अर्जात मी इथे सर्वांत जास्त वेळ घालवतो. निकाल 90 दिवसांत लागायला हवा, फार तर कारण नोंदवून आणखी 30 दिवस, असं कायदा सांगतो. मात्र हे 90 दिवस नोटीस पोचल्यापासून मोजतात. ज्याला टाळायचंय तो दार उघडत नाही, आणि घड्याळ सुरूच होत नाही.

जितके सामनेवाले तितक्या प्रती, एक कचेरीची आणि एक तुमची. तुमच्या प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. एका कचेरीत आमच्या एका सभासदाला ‘उद्या देतो’ म्हणून पोच न देताच परत पाठवलं आणि महिन्याने अर्जच सापडेना. तालुक्याला जायचा खर्च फारसा पडत नाही. पंचाहत्तर पूर्ण असतील तर एसटी फुकट आहे, पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट. आधार कार्ड खिशात असू द्या.

समेटाची बैठक

सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकतं. त्याने महिन्यात अहवाल द्यायचा असतो. तडजोड झाली तर तीच हुकमात उतरते आणि हुकमाइतकीच बांधते.

इथे म्हातारी माणसं पटकन विरघळतात. मुलगा पाया पडतो, नातू मांडीवर बसतो आणि आई म्हणते, ‘झालं गेलं, जाऊ द्या.’ जाऊ द्यावं, माझं काही म्हणणं नाही. फक्त कागदावर ‘मुलाने आईचा नीट सांभाळ करावा’ असं लिहू देऊ नका. ‘दरमहा 5 तारखेपर्यंत 6,000 रुपये आईच्या बँक खात्यात जमा करावेत, मागची खोली, संडास व स्वयंपाकघर वापरू द्यावे, वीज तोडू नये’ असं लिहून घ्या. ‘नीट’ म्हणजे काय, यावर पुढच्या वर्षी कोणाला वाद घालता येऊ नये.

भावाभावांत महिन्यांची पाळी लावायची तडजोड मला स्वतःला आवडत नाही. आई म्हणजे काही विहिरीचं पाणी नव्हे, पाळीने वाटून घ्यायला. करायचीच असेल तर आईला विचारून, आणि तारखा घालून. एका घरात 31 तारखेच्या जेवणावरून भांडण झालं होतं. महिना तीस दिवसांचा धरून करार झाला होता आणि म्हातारी त्या रात्री ओट्यावर बसून राहिली. त्यापेक्षा आईने एका जागी राहावं आणि बाकीच्यांनी पैसे भरावेत.

सुनावणी

कलम 17 प्रमाणे इथे वकील चालत नाही. काही उच्च न्यायालयांनी याच्या विरोधात मत दिलेलं आहे, त्यामुळे समोरून वकील उभा राहिलाच तर दचकू नका. तुम्हाला बोलायला जमत नसेल तर समाजकल्याण खात्याकडचा निर्वाह अधिकारी तुमच्या वतीने उभा राहू शकतो. त्यासाठी आधी लेखी मागणी करा. कुठे जायचं, कोणाला भेटायचं हेच कळत नसेल तर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर 14567.

ऐकू कमी येत असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. ‘हो हो’ म्हणून मान डोलावल्याने एका आजोबांची कबुली नोंदली गेली होती.

बक्षीसपत्र: केलेलं आणि करायचं असलेलं

आता कलम 23. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे तरी याच दुखण्याचे. मुलाने गोड बोलून घर नावावर करून घेतलं, आता वरच्या मजल्यावरून खाली बघत नाही.

कायदा असं म्हणतो: ज्येष्ठाने हा कायदा लागू झाल्यानंतर (म्हणजे आपल्याकडे 1 मार्च 2009 नंतर) मिळकत बक्षीस दिली किंवा अन्य प्रकारे हस्तांतरित केली, घेणाऱ्याने त्याच्या मूलभूत गरजा भागवाव्यात अशी अट त्याला होती, आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दडपणाने झालं असं धरून न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकतं.

सगळं अडतं ते ‘अट’ या शब्दावर. डिसेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका हक्कसोडपत्राच्या प्रकरणात सांगितलं की अशी अट होती हे दाखवता आलं नाही, तर कलम 23 लागत नाही. 2 जानेवारी 2025 ला मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल लागला. तिथे बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने वेगळं वचनपत्र करून दिलं होतं, की आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळीन. कोर्टाने दोन्ही कागद एकत्र वाचले, कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे वाचायचा असतो असं सांगितलं, आणि घराचा ताबा आईला परत द्यायला लावला.

म्हणून ज्यांचं बक्षीसपत्र होऊन गेलंय त्यांनी आधी ते शब्दन्‌शब्द वाचून घ्यावं. अट नसेल तर तेव्हाचा दुसरा कागद शोधावा: स्टँपवरचा करार, चिठ्ठी, मुलाचा व्हॉट्सॲपवरचा निरोप. काहीच नसेल तर बाजू लंगडी आहे. चरितार्थाची रक्कम तरीही मागता येते, ती मागा. ‘दान दिलं तर आता हक्क काय’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आणि ज्यांचं अजून व्हायचंय त्यांनी, हात जोडून सांगतो, थांबा. घर मुलालाच द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. ते तुमच्यामागे लागू होतं आणि जिवंत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. ‘मृत्युपत्र केलं की माणूस मरतो’ या समजुतीपायी किती जणांनी जिवंतपणीच घर गमावलं, ते मी पाहिलंय.

बक्षीसपत्रच करायचं असेल तर मसुदा लिहिणाऱ्याच्या संगणकात आधीपासून बसलेलं एक वाक्य शोधा: ‘प्रेमापोटी, राजीखुशीने व कोणत्याही अटीशिवाय’. ‘कोणत्याही अटीशिवाय’ एवढे शब्द काढायला लावा आणि त्या जागी हा मजकूर टाका:

‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांना त्यांच्या हयातीपर्यंत सदर घरात राहू द्यावे व त्यांचे अन्न, वस्त्र, औषधोपचार व दैनंदिन गरजा पुरवाव्यात, या अटीवर हे बक्षीसपत्र करून दिले आहे. या अटीचा भंग झाल्यास लिहून देणार यांना हे बक्षीसपत्र रद्दबातल ठरवून घेण्याचा हक्क राहील.’

पतीपत्नी दोघांची नावं त्यात हवीत. नुसत्या वडिलांच्या नावाने अट घातली आणि वडील आधी गेले, तर आई उघड्यावर. मुलगा म्हणेल, आई, तुझा माझ्यावर विश्वास नाही का? म्हणावं, आहे ना, म्हणून तर देतोय. सही कर.

हुकूम हातात आल्यावर

हुकमाची प्रत फुकट मिळते. रक्कम 30 दिवसांत जमा व्हायला हवी. न्यायाधिकरण वर्षाला 5 ते 18 टक्के व्याजही लावू शकतं. निकाल पटला नाही तर 60 दिवसांत जिल्हाधिकारी पातळीच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील. कायद्याच्या कलमात अपिलाचा हक्क आईवडिलांना आणि ज्येष्ठांनाच लिहिलेला आहे. पुढे आजारपण वाढलं, तर रक्कम बदलून मागता येते.

पैसे दोन महिने येतात आणि मग थांबतात, हे नेहमीचं. थांबले की वसुलीच्या वॉरंटसाठी त्याच न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज द्यायचा. तरीही दिले नाहीत तर महिनाभरापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे, नाहीतर त्या महिन्याची वसुली हातची गेली. ‘देईल, देईल’ म्हणत वाट पाहणाऱ्यांचे असे कितीतरी महिने बुडालेत.

त्या कॅलेंडरवाल्या आजींना मी पैसे यायच्या प्रत्येक तारखेला लाल गोल करायला सांगितलं, आणि तिथून अडीच महिन्यांवर दुसरा गोल. पासबुक भरून आणलं आणि आकडा दिसला, तर दुसरा गोल खोडायचा. गेल्या दिवाळीनंतर त्या एका गुरुवारी आल्या, कॅलेंडर गुंडाळी करून काखेत, आणि माझ्यापुढे पसरून म्हणाल्या, ‘भाऊ, हा एक गोल खोडायचा राहिलाय बघा.’ आम्ही तिथेच कागद घेतला.